पाडीसाठी लावलेला कौल

आमच्या पाडीला जंत झाले होते. ज्यांच्या गोठ्यात गाय-वासरू आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. औषध पाजलं की जंत पडतात आणि वासरू पुन्हा शेपटी वर करून पळायला लागतं. पण त्या जंतांचा दोष मी एका माणसाच्या माथी मारला. नंतर तो उतरवायला निघालो, तेव्हा पुरता उतरला नाही. म्हणून लिहितो आहे.

आधी घर सांगतो. मालवणच्या वाटेवर एस.टी.तून उतरून काजूच्या बागांमधून आत चालत गेलं की आमची वाडी लागते. एका खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, दोन बाजूंना दोन घरं. एकात मी आणि माझी बायको. मुलगी शिकायला बाहेर असते. समोरच्या घरात माझ्या चुलतभावाची बायको एकटी राहते. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांना मूल झालं नाही. मी तिला वयनी म्हणतो, ती मला भावजी. दोन्ही घरांच्या मधे, फणसाखाली, गोठा आहे. गाय आमची, पण तिच्या शेणाने दोन्ही अंगणं सारवली जातात आणि वयनीच्या पेजेवरची निवळ, म्हणजे वरचं पाणी, गोठ्यातच येते. हे कुणी ठरवलेलं नाही. वडिलांच्या वेळेपासून तसंच चालत आलं आहे.

वयनी बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालते. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, तान्हं मूल पायांवर आडवं घ्यायचं, तेल चोळायचं, आणि ते रडायला लागलं की त्याच्या वरताण आवाज काढून त्याला शिव्या घालायच्या. "रड मेल्या, रड! बापाशीसारखो नाक वर करून रड!" असं ती म्हणाली की बाजेवरची बाळंतीण हसते. वाडीतली बहुतेक पोरं तिच्या नडग्यांवर आंघोळ करून मोठी झाली, माझी मुलगीसुद्धा. शेवटी साडी-नारळ मिळतो, पण ती त्यासाठी जात नाही. लग्नकार्यात तिला कुणी पुढे घेत नाही. बाळंतपण झालं की मात्र घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत, सगळ्यात नाजूक जिवापाशी तिलाच बोलावतात आणि ती सांगेल ते ऐकतात. तिच्याकडे मानाचं म्हणावं असं तेवढं एकच होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी स्वतः कणकवलीच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. माझ्या ताब्यातल्या कपाटात काचेच्या बरण्या आहेत आणि त्यांत औषधात बुडवून ठेवलेले प्राणी. त्यातल्या एका बरणीत आतड्यातला गोलकृमी आहे. लांब, पिवळट, दोन्ही टोकांना निमुळता. दरवर्षी नवी मुलं येतात, मी ती बरणी टेबलावर ठेवतो, मुली "ई" करतात आणि मी म्हणतो, "घाबरू नका, तो तुमच्यापेक्षा जास्त वर्षं कॉलेजात आहे." मुलं हसतात. पाडी आजारी पडली तेव्हा ही बरणी मला एकदासुद्धा आठवली नाही.

गाय दसऱ्याच्या सुमारास व्याली. तांबूस पाडी, कपाळावर पांढरा ठिपका. वयनीने पहिल्याच दिवशी "काय गो रूप घेवन इलंस!" म्हणून तिच्या तोंडावरून हात फिरवला. पाडीला तिची पावलं कळायला लागली. खळ्यात वयनीच्या पायांचा आवाज आला की पाडी दाव्याला ताण देऊन हंबरायची. मी संध्याकाळी कॉलेजातून दमून येऊन तिच्यासमोर उभा राहिलो तर मान वळवून पुन्हा आईकडे. बायको एकदा हसत म्हणाली, "तुमचो पगार तिका म्हायत नाय." मीही हसलो. पण मला ते लागलं होतं. एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटून घेणारा माणूस आपण आहोत, हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

दिवाळी झाली आणि पाडी उतरायला लागली. अंगावरचे केस राठ झाले, पाठीचा कणा दिसायला लागला, पोट मात्र खाली मडक्यासारखं गोल. शेण मातकट, चिकट आणि असं घाण वासाचं की गोठ्यात उभं राहवेना. दाव्याच्या टोकापर्यंत जाऊन ती भिंतीची माती चाटायची. बायकोने वावडिंग कुटून पाजलं. फरक पडला नाही.

शेजारचा म्हातारा, ज्याच्या शब्दाला वाडीत वजन आहे, तो एकदा पडवीत येऊन बसला. पाडीकडे बघत त्याने सुपारी कातरली.

"दूद पिता मा बरोबर?"

"पिता."

"मगे सुकता कशी? गोठ्यात कोण कोण येता?"

तो सहज विचारत होता की मुद्दाम, मला सांगता येणार नाही. मी समोरच्या घराकडे बघितलं आणि म्हटलं, "आमी दोघा. आनी वयनी." एवढंच. म्हाताऱ्याने "हां" केलं आणि सुपारी तोंडात टाकली. त्या "हां"नंतर मी काही बोललो असतो तर गोष्ट तिथेच थांबली असती.

आमच्याकडे अडल्या वेळी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपलं म्हणणं देवापुढे मांडतो आणि सगळे पाकळी पडायची वाट बघतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. घर बांधायचं, मुलीला स्थळ बघायचं, हरवलेलं जनावर कुठल्या दिशेला शोधायचं, सगळं तिथे विचारतात. मीही लहानपणापासून विचारत आलो आहे आणि पुढेही विचारेन. माझी तक्रार देवाबद्दल नाही.

सोमवारी देवळात गेलो. पाच-सात माणसं होती, शेजारचा म्हाताराही होता. गुरवाने विचारलं, "काय मागतंस?"

मला म्हणता आलं असतं, पाडीला काय झालं आहे ते सांग. पाडीला औषधाने गुण येईल का, असंही विचारता आलं असतं. मी म्हटलं, "घरच्या माणसांशिवाय जा कोण गोठ्यात येता, तेची नजर लागली असात तर उजवी दी."

नाव घेतलं नाही. त्यात मला तेव्हा सभ्यपणा वाटला होता. आमच्या गोठ्यात घरच्यांशिवाय कोण येतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाव न घेता मी तिचं नाव देवापुढे आणि माणसांपुढे ठेवलं, आणि उद्या कुणी विचारलंच तर "मी कोणाचा नाव घेवक नाय" म्हणायची सोयही करून ठेवली.

उजवी पाकळी पडली.

घरी येऊन मी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून पाडीची दृष्ट काढली, काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून तिच्या गळ्यात बांधला. आणि गोठ्याच्या दोन खांबांना, वयनीच्या घराकडच्या बाजूला, आडवा बांबू बांधला.

सकाळी ती निवळीचं भांडं घेऊन आली आणि बांबूपाशी थांबली. पाडीने मान उचलली. एरवी ओरडायची ती, तेवढं बळ तिच्यात राहिलं नव्हतं.

"भावजीनु, ह्यो बांबू कित्याक?"

मी दाताला राखुंडी लावत होतो. तोंड भरलेलं होतं म्हणून थोडा वेळ मिळाला. चूळ भरून म्हटलं, "डॉक्टरान सांगल्यान, आजारी आसा तवसर कोणाक जवळ येव देव नको."

"असा?" ती म्हणाली. "मगे निवळ हंयच ठेवतंय, तुमी घाला तिका." भांडं तिने खांबाच्या मुळाशी ठेवलं आणि गेली. ती निवळ मी माडाच्या मुळात ओतली.

हे बायको मागच्या दारातून बघत होती. कौल लावायला जाताना मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण वाडीत बातमी तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

"खंयचो डॉक्टर इल्लो?" ती म्हणाली.

मी रिकामं भांडं खांबाशी ठेवलं.

"नाय, मी घराकच होतंय म्हणान इचारतंय. माका बगूक गावलो नाय तो."

"आता ओरडा नको."

"मी खंय ओरडतंय? तुमी तिका डॉक्टरचा नाव सांगल्यात मा, मगे आता डॉक्टर हाडूक होयो. नायतर मीच जावन सांगतंय तिका खरा काय ता."

अशा रीतीने, माझं खोटं निस्तरण्यासाठी, पाडीला डॉक्टर मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यातली तरुण बाई होती, स्कूटरवरून आली. गोठ्यात वाकून शिरली, पाडीच्या पापण्या उलटून बघितल्या, पोटावर बोटं दाबली, शेणाकडे नुसतं एकदा बघितलं.

"माती खाते?"

"हो."

"जंत आहेत. गोलकृमी. या वयाच्या वासरांत खूप होतात." मग गायीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हिच्याकडूनच आलेत. मोठ्या जनावराच्या अंगात ते बारीक रूपात नुसते पडून असतात, त्याला काही होत नाही. व्याल्यावर दुधातून वासराच्या पोटात जातात. म्हणून वासराला जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच औषध द्यायचं. तुम्ही उशीर केलात."

आईच्या दुधातून. पाडी वाळत होती ती या एका गोष्टीने, आणि आम्ही बाहेरचं कोण येतं ते शोधत होतो.

तिने वजनाचा अंदाज घेऊन बाटलीत पांढरं औषध काढलं. मी नेहमीच्या सवयीने पाडीचं तोंड आभाळाकडे उचललं आणि जीभ धरायला गेलो. ती एकदम म्हणाली, "तसं नको! मान पाठीच्या रेषेत ठेवा, जीभ सोडा. नाहीतर औषध फुप्फुसात जाईल आणि जंतांनी नाही ते औषधाने मरेल." गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं ओतलं, पाडीने गिळेपर्यंत थांबली, पुन्हा ओतलं. काही आठवड्यांनी परत एकदा द्यायचं, गोठ्यातलं शेण रोज काढून लांब टाकायचं, जमीन कोरडी ठेवायची, असं सांगितलं. गळ्यातल्या बिब्ब्याकडे तिने बघितलं आणि पिशवी बंद केली.

निघताना विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं.

"जीवशास्त्राच्या?" ती म्हणाली. "मग तुम्हाला काय सांगायचं मी." तिने ते चांगुलपणाने म्हटलं होतं. मी तिला बांबूच्या बाजूने न नेता दुसऱ्या बाजूने रस्त्यापर्यंत सोडलं.

दुसऱ्या सकाळी जंत पडले. शेणात गुंता होऊन पडले होते, पांढुरके, लांब, काही अजून हलत होते. बायको पदर नाकाला लावून बघत राहिली. मग म्हणाली, "शिरवाळेच जसे. आता माझ्या हातचे शिरवाळे जेवशात मा?" नारळाच्या रसातले शिरवाळे, तांदळाच्या त्या शेवया, माझ्या आवडीचे. मला हसू आलं नाही.

आणि पुढे मी जे केलं ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. मी घरातून लोणच्याची रिकामी बरणी आणली, काडीने शेणातले चांगले लांब, न तुटलेले जंत निवडले, पाण्याने धुतले आणि बरणीत ठेवले. संध्याकाळी कॉलेजातून येताना तिथल्या बरण्यांत असतं ते थोडं औषध आणून त्यात ओतलं. जुना नमुना फिका पडला होता, नवा बरा होईल, असं माझ्या मनात होतं. समोरच्या पडवीत वयनी बसलेली दिसत होती. जंत हातात आल्यावर तिच्याकडे धावत जायचं सोडून मी नमुना चांगला कसा राहील ते बघत होतो.

पाडी सुधारली. केसांना पुन्हा चकाकी आली, पोट बसलं, ती दाव्याला हिसके द्यायला लागली. आणि वाडीने ते बघितलं. नजरवाल्या माणसाला गोठ्याबाहेर ठेवलं, दृष्ट काढली, आणि पाडी उठली. डॉक्टर स्कूटरवरून आली ती कुणी फारशी पाहिली नव्हती, औषध तर कुणीच पाहिलं नव्हतं. बांबू मात्र सगळ्यांना दिसत होता. शेजारचा म्हातारा येता-जाता म्हणायचा, "बघ, देवान कसा दाखवल्यान!" मी मान डोलवायचो. म्हणजे औषधाने पाडी बरी झाली आणि पाडी बरी झाल्यामुळे वयनीवरचा आळ पक्का झाला. मी एका वाक्यात तो मोडू शकलो असतो. पण मग देवळात मी काय विचारलं, का विचारलं, डॉक्टरचं खोटं का सांगितलं, हे सगळं उघड झालं असतं.

त्याच सुमारास वाडीत वरच्या घरी मुलगा झाला. त्या घरातल्या मुलाच्या बापालाही वयनीने पायांवर घेतलेलं. तिने तेल काढून ठेवलं, पाट घासून उन्हात ठेवला. बोलावणं आलं नाही. दोन वाड्या पलीकडची एक बाई रोज आमच्या खळ्यावरून त्या घराकडे जायची. वयनी तेव्हा पडवीत काहीतरी निवडत बसलेली असायची. ती बाई गेली की उठून आत जायची. पाट पुन्हा आत गेला तो मी बघितला.

मार्गशीर्षात देवाची जत्रा आली. दुपारी सगळी गर्दी सभामंडपात जमली, माहेरवाशिणी ओट्या भरायला आल्या, आणि गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. गाऱ्हाण्यात तो गावाच्या वतीने देवाशी बोलतो आणि प्रत्येक मागण्यावर सगळे एका आवाजात होकार देतात. माणसामाणसांची नावं न घेता वर्षभरात कुणाचं काय झालं ते त्यात येतं. त्यात आमचंही आलं.

"आनी देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या गोठ्यात जी काय वाकडी नदर पडलेली, ती तुया दाखवलंस, जनावर राखलंस, तसाच पुढे राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

मीही म्हणालो. तोंडातून निघून गेलं, असं म्हणता येईल. लहानपणापासूनची सवय आहे. पण म्हणताना मी बायकांच्या बाजूला बघत होतो. वयनी खांबाला टेकून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा होती. त्या गर्दीत कुणालाच जागा नव्हती, तिच्याभोवती होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात नव्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं. मी गोलकृमीची बरणी टेबलावर ठेवली. मुली "ई" म्हणाल्या. मुलं माझ्याकडे बघत राहिली, कारण माझा विनोद त्यांना वरच्या वर्गातल्यांनी सांगून ठेवलेला असतो. मला तो म्हणता आला नाही. त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आलो, कपाटाआडची लोणच्याची बरणी काढली आणि वाडीत निघालो.

आधी म्हाताऱ्याकडे. बरणी त्याच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं: डॉक्टर, औषध, आईचं दूध. त्याने बरणी उन्हाकडे धरून नीट बघितली.

"व्हय, जंत आसत खरे."

"म्हणजे नजर नाय काय नाय."

"जंत झाले ता कबूल. पण ते घातल्यान कोणी?"

"घातल्यान कोणी म्हणजे? दुदातसून गेले."

"सगळ्यांच्या वासरांक कशे नाय होत मगे? तुझ्याच कशे?" त्याने बरणी परत दिली. माझ्याकडे तो कीव आल्यासारखा बघत होता, वहिनीला पाठीशी घालणारा भला दीर म्हणून. त्याच्या नजरेत मी भला ठरलो होतो, हे आणखी वाईट.

वरच्या घरी तर मला पायरीसुद्धा चढता आली नाही. मुलाची आजी दारात आली, बरणीत काय आहे ते दिसलं आणि ओरडली, "अरे मेल्या, बाळंतिणीच्या घरात ह्या काय घेवन इलंस! आधी भायर सर!" आतून मुलाचं रडणं ऐकू येत होतं. मी खळ्यात उभा राहून मोठ्याने सांगायचा प्रयत्न केला. तिने दार लोटलं.

शेवटी वयनीकडे गेलो. खरं तर सगळ्यात आधी तिथे जायला हवं होतं. ती कुळीथ निवडत होती. मी बरणी सुपाशेजारी ठेवली आणि बोलायला लागलो. तिने एकदा बरणीकडे बघितलं आणि सूप बाजूला ओढून घेतलं.

"माका कित्याक दाखवतास ह्या? मी घातलंय नाय ता माका म्हायत आसा."

"तसा नाय वयनी. मी सगळ्यांका सांगत फिरतंय—"

"बगलंय. एकेकाच्या खळ्यात उभे ऱ्हवान." ती बोलत होती ते खाली बघूनच. "डॉक्टरचा नाव सांगल्यात तेवाच माका समाजला. डॉक्टरच्या गाडयेचो आवाज नाय, काय नाय. वाटला, आज ना उद्या येवन बोलशात. मगे जत्रेत तुमचो आवाज आयकलंय. तुमी म्हटल्यात मा, व्हय म्हाराजा?"

मी होकाराची मान हलवली.

"मगे जंय इचारल्यात थंय जावन सांगा. माका नको."

ती उठून आत गेली. बरणी तिथेच राहिली होती, ती मी उचलून आणली आणि फणसाच्या मागे खड्डा करून त्यातलं सगळं पुरलं. कॉलेजला नवा नमुना मिळाला नाही.

गुरव आधी तयार होईना. "देवाचो कौल खोटो पडलो असा कायव माझ्या तोंडातसून येवचा नाय."

"कौल खोटो नाय. मी जा इचारलंय ता वाकडा इचारलंय. माझा इचारणा चुकला, असा सांग."

"असा गाऱ्हाणा कोणी घालूक नाय आजून."

"तू घाल."

शेवटी तो सोमवारी ये म्हणाला. सोमवारी देवळात थोडीच माणसं होती. जत्रेचा मंडप उतरलेला, मैदानात कागद उडत होते. म्हातारा आला होता, वरच्या घरचा मुलाचा बाप नारळ घेऊन आला होता. वयनी नव्हती. मी तिला सांगितलं होतं. ती "बरा" एवढंच म्हणाली होती.

गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुका इचारूक होया होता एक, आनी इचारल्यान भलताच. पाडीक आजार होतो तो पोटातलो होतो, कोणा माणसाचो नाय होतो. निरापराध माणसावर जा काय इला, ता ह्याच्या तोंडातसून इला. ता ह्याका भोगूक लाव, तिका सोडव रे म्हाराजा!"

मी सांगितलेले शब्द त्याने घेतले होते आणि पुढचे स्वतःचे घातले होते. मग तीन-चार आवाज आले, पुढेमागे, एकत्र नाहीत. "व्हय म्हाराजा." म्हाताऱ्याचे ओठ हलले की नाही, मला दिसलं नाही. वरच्या घरचा बाप म्हणाला, पण नंतर माझ्याकडे न बघता चपला घालून गेला.

त्या मुलाची आंघोळ शेवटपर्यंत ती दुसरी बाईच घालत राहिली. ते दिवस वयनीला कुणी परत दिले नाहीत, देता येण्यासारखे ते नव्हतेच. पुढे पलीकडच्या वाडीतल्या एका घराने तिला बोलावलं. आमच्या वाडीत तेव्हापासून कुणाचं बाळंतपण झालेलं नाही, त्यामुळे काय होईल ते मला माहीत नाही. म्हातारा अजून म्हणतो, "जंत झाले ता कबूल."

बांबू मी त्याच सोमवारी सोडला.

यंदा गाय पुन्हा व्याली. पाडा झाला. दुसरा आठवडा लागल्यावर मी दवाखान्यातून औषध आणलं. पाडा अंगाने दांडगा, बायकोचा हात दुखावलेला. मी वयनीच्या दाराशी जाऊन म्हटलं, वायच धरूक येशात काय.

ती पलीकडच्या वाडीतून आंघोळ घालून नुकतीच आलेली, हातांना तेलाचा आणि धुरीचा वास. गोठ्यापर्यंत आली आणि खांबापाशी थांबली. खांबावर, बांबू बांधला होता तिथे, सुंभाचा जुना वळ आहे.

"येव काय?" तिने विचारलं.

"येवा, येवा."

गवतावर बसून तिने पाय लांब केले आणि पाड्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी मान पाठीच्या रेषेत ठेवायची, जीभ सोडायची, असं सांगायला लागलो. "समाजला," ती म्हणाली आणि पाडा धडपडायला लागल्यावर त्याच्यावर ओरडली, "आरड मेल्या, आरड! आवशीन काय पाजल्यान ता भायर पडांदे!" मी बाटली गालाच्या कोपऱ्याला लावली आणि थांबलो. फुप्फुसात तर जाणार नाही ना, या भीतीने हात पुढे होईना.

तिने माझ्याकडे बघितलं. "वततास, काय कौल लावतास?"

मागे बायको खुदकन हसली. मी थोडं थोडं ओतलं. पाड्याने गिळलं.

दुसऱ्या सकाळी वयनी निवळीचं भांडं घेऊन आली. पाड्याने तिची पावलं ओळखून दाव्याला ताण दिला. ती खांबापाशी थांबली. पूर्वी ती कधीच विचारत नव्हती, सरळ आत यायची, बडबडत यायची. आता रोज विचारते.

"येव काय?"

"येवा," मी म्हटलं.